बेसनाचा भंडारा

दक्षिणेच्या सेनापतीने हरायला साफ नकार दिला.

"मास्तर, लढाई तुमची, पुस्तक तुमचं, समदं कबूल," अंबादास म्हणाला. "पण जत्रंला माझ्या सासुरवाडीची माणसं येणार हायती. त्यांच्या म्होरं मी हारणार न्हाई."

अंबादास म्हणजे आमच्या कोळदऱ्याचा पैलवान. खंडोबाच्या देवळापुढच्या ओट्यावर आमची तालीम चालली होती. मार्गशीर्षातली थंडी, बाकीची मंडळी घोंगड्या पांघरून बसलेली, आणि हा गडी उघड्या अंगाने माझ्यासमोर हुज्जत घालत उभा. मी त्याला समजावलं, की बाबा रे, शंभर वर्षांपूर्वी दक्षिण हरली त्यात माझा काही हात नाही. तर म्हणतो, मग निदान बरोबरीत सोडवा. शेवटी कशीबशी तोड निघाली. सेनापतीने उभ्याउभ्या तलवार हवाली करायची, पाठ काही टेकायची नाही. पाठ लागली नाही म्हणजे कुस्ती गेली नाही, हे सासुरवाडीलाही मान्य होण्यासारखं होतं. गंमत म्हणजे तो खरा सेनापतीही असाच चांगल्या पोशाखात, मानाने शरण गेला होता. पाठ त्याचीही लागली नव्हती.

मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलेला, बिनलग्नाचा आणि इतिहासाचं वेड असलेला मास्तर होतो. तिन्ही दुखणी एकाच वेळी जडलेली. दर चंपाषष्ठीच्या जत्रेला गाव पुराणातलं एखादं नाटक करायचं. त्या वर्षी मी हट्टाने अमेरिकेतल्या लढाईचं लिहिलं आणि शाळेच्या भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरांत जाहीर करून टाकलं: 'अमेरिकेतील यादवी'. आता यादवी म्हटल्यावर गावाने काय समजावं? यादव, म्हणजे आपला किसनदेव. दुसऱ्या दिवशी सकाळी, दरवर्षी कृष्णाचं काम करणारा न्हावी मोरपीस खोचूनच माझ्या दारात हजर. कृष्ण या नाटकात नाही म्हटल्यावर तो असा काही रुसला, की महिनाभर माझी दाढी भोकं पडल्यासारखी करत होता.

मग मी परवानगी काढायला गेलो दादाराव देशमुखांकडे. देवळापुढची जागा त्यांची, कनाती त्यांच्या, पेट्रोमॅक्स त्यांचे, आणि खरं सांगायचं तर गावही त्यांचंच. त्यांच्या ओसरीवर बसून मी ती सगळी लढाई घरगुती करून सांगितली. म्हटलं, एक घर आणि दोन भाऊ असं समजा. धाकटा दक्षिणेला. त्याचा सगळा डौल कापसावर, आणि कापसात राबायला विकत घेतलेली माणसं. गुलामाचं पोरही गुलाम, त्याचं पोरही गुलाम. थोरला म्हणाला, निदान नव्या जमिनीत तरी ही रीत नको. धाकटा म्हणाला, असं असेल तर माझी चूल वेगळी. थोरला म्हणाला, घर एक आहे, वाटणी नाही. झालं, धाकट्याने पहिली तोफ डागली. चार वर्षं भाऊ भावाला मारत होता. थोरल्यालाही आधी फक्त घर राखायचं होतं. पण गुलामच रातोरात पळून त्याच्या छावणीत यायला लागले, पुढे बंदुका घेऊन लढायला लागले. मग लढता लढता त्याच्याही डोक्यात प्रकाश पडला, की ज्या गोष्टीवरून घर फुटलं ती गोष्टच मोडल्याशिवाय घर सांधायचं नाही.

"म्हणजे भाऊबंदकीच की," दादाराव म्हणाले, आणि ओसरीवरची सगळी मंडळी समजल्यासारखी डोलली. भाऊबंदकी कोणाच्या घरी नव्हती?

त्यात दादारावांना या लढाईचं जुनं अप्रूप. त्या चार वर्षांत अमेरिकेचा कापूस बंद पडला आणि आमच्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. देशमुखांची माडी त्याच कापसावर उभी राहिलेली. "अमेरिकेशी आमचं तेव्हापासूनचं आहे," असं ते म्हणायचे, जणू तिकडून वर्षाला आहेर येतो. तर माडीच्या मालकाने अमेरिकेच्या अध्यक्षाचं, म्हणजे थोरल्या भावाचं, काम स्वतःच करायचं ठरवलं. खरा अध्यक्ष ताडमाड उंच, आमचे दादाराव माझ्या खांद्याला लागायचे. उंचीची भरपाई आम्ही पुठ्ठ्याच्या टोपीने केली.

उठता उठता माजघराच्या दारातून माईसाहेबांनी, म्हणजे दादारावांच्या बायकोने, एक प्रश्न विचारला. पंगतीला वाढण्यापलीकडे त्या कधी परक्या माणसाशी बोलत नसत आणि देवळापलीकडे कधी जात नसत. कडेवर बसून सासरी आल्या होत्या म्हणे.

"मास्तर, त्या मालकांच्या बायका काय करत होत्या हो?"

मी पुस्तक चाळल्यासारखं केलं. म्हटलं, ते काही पुस्तकात नाही, माईसाहेब. त्या बरं म्हणाल्या आणि आत गेल्या.

आता राहिले गुलाम. मालक व्हायला जो तो तयार. तोंडाला पावडर फासायची, घोड्यावर बसल्यासारखं चालायचं, मजाच मजा. गुलाम व्हायला कोणी पुढे येईना. शेवटी मंजाबा आला.

मंजाबा हा दादारावांचा सालगडी. उंचापुरा, हसऱ्या तोंडाचा, बैलांशी गप्पा मारणारा. मी त्याला विचारलं, वाक्यं पाठ होतील का रे? तर म्हणाला, "गुलामाचंच हाय न्हवं? मग पाठ कशाला कराया पायजे?" सगळे हसले. तोही हसला. मी मात्र थोडा उशिरा हसलो, कारण त्याची हकीकत मला ठाऊक होती.

आमच्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला संपतं. पटलं तर राहतो, नाही तर दुसरा मालक बघतो. मंजाबाला ते नव्हतं. ज्या वर्षी कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षी रानात हात कमी पडायला लागले. तेव्हा दादारावांच्या पणजोबांनी मंजाबाच्या पणजोबाला खंडोबापुढे उभं करून बेलभंडारा उचलायला लावला, की माझा वंश तुमच्याच दारात राबेल. हातात बेलाचं पान आणि देवाची हळद घेऊन बोललेलं वचन. कागद फाटतो, हे फाटत नाही. तिकडे ज्या लढाईने माणसं सुटली, त्याच लढाईने इकडे मंजाबाचं घराणं बांधलं गेलं. कायदा काय म्हणतो ते मी मंजाबाला दहादा सांगून पाहिलं. तो म्हणायचा, "मास्तर, कायदा तालुक्याला ऱ्हातो. खंडोबा हितं ऱ्हातो."

सुटकेचा एकच रस्ता होता आणि तो देवळातल्या लिंबाजी गुरवाने सांगून ठेवला होता. ज्याच्या घराला वचन दिलं, त्या घराच्या कर्त्याने स्वतः बेलभंडारा उचलून मोकळं करायचं. दादारावांनी. आणि दादाराव म्हणायचे, मी कशाला उचलू? चालत्या गाड्याला खीळ कोण घालतं?

एरवी मंजाबाने तसंच हसत आयुष्य काढलंही असतं. पण शेजारच्या गावच्या गयाने सगळा घोळ केला. गयाच्या आईला मुलगा नव्हता. मळा होता, विहीर होती आणि ही एक झणझणीत मुलगी. मंजाबा आणि गया यांचं बाजारात कांदे निवडता निवडता जमलं. आई तयार, गया तयार, पण एका अटीवर. "मी दावणीच्या बैलाच्या गळ्यात माळ घालणार न्हाई. सुटून ये, न्हाई तर येऊ नगंस." पाडव्यापर्यंत वाट बघते म्हणाली. मंजाबाने माझ्यासमोर दादारावांच्या पायावर डोकं ठेवून विचारलं, तर दादाराव म्हणाले, बायको इकडे आण की, माडीत कामाला माणूस लागतंच आहे. मला इतका संताप आला, की मी तिथला पाण्याचा तांब्या उगाचच एका जागेवरून दुसऱ्या जागेवर ठेवला. नुकता लागलेला मास्तर यापलीकडे काय करणार?

तालमी चालू होत्या. शेवटच्या प्रवेशात अध्यक्ष गुलामांच्या सुटकेच्या हुकुमावर सही करतो, असं मी लिहिलं होतं. दादारावांना ते पसंत पडेना. म्हणाले, सही मागे बसलेल्या माणसाला कुठे दिसते? त्याला धडकी कशी भरणार? आमच्या लोकांना सही कळत नाही, बेलभंडारा कळतो. अध्यक्षाने बेलभंडारा उचलायचा.

लिंबाजी गुरव एकदम सावध झाला. म्हणाला, देवाच्या दारात खोटा बेलभंडारा असतच नाही. बेल आणि भंडारा हातात घेऊन बोललात की लागला, मग तोंडाला रंग असो की डोक्यावर टोपी असो.

दादारावांनी मिशीवरून हात फिरवला. "मग बेसन घ्या. दिव्याच्या उजेडात कोणाच्या बापाला कळतंय? आणि बेलाऐवजी निर्गुडीची पानं. ताट आमच्या घरून येईल."

कोपऱ्यात घोंगडी पांघरून मंजाबा बसला होता. घरी जाताना वाटेत मला म्हणाला, "मास्तर, खेळात का व्हईना, मालकाच्या तोंडून ऐकायला तर मिळंल."

जत्रेचा दिवस उजाडला. चंपाषष्ठीला आमच्याकडे घरोघरी वांग्याचं भरीत आणि रोडगे. चार महिने कांदा-वांगं वर्ज्य केलेली माणसं त्या दिवशी भरतावर तुटून पडतात. सगळ्या गावाला भाजक्या वांग्याचा वास सुटलेला. संध्याकाळी नाटकवाल्यांची पंगत देशमुखांच्या माडीवर होती, आणि पानात पडलं काय? पिठलं.

दादाराव अध्यक्षाच्या कोटात जेवायला बसले होते, ते खवळले. चंपाषष्ठीला पिठलं? कोणाचं सुतक आहे का? माईसाहेब शांतपणे म्हणाल्या, वांगी किडकी निघाली. आणि स्वतः पंगतीतून पिठलं वाढत फिरल्या, आग्रह कर-करून. दक्षिणेच्या सेनापतीने पाच भाकरी खाल्ल्या. मी नको नको म्हणत होतो तरी माझ्या पानात पळीभर आलंच. "घ्या मास्तर, पातेलं रिकामं झालं पाहिजे," असं त्या म्हणाल्या.

जेवण झाल्यावर माजघराच्या दाराशी त्यांनी रुमालाने झाकलेलं ताट माझ्या हातात दिलं. "सांडू नका," एवढंच म्हणाल्या.

नाटक कसं झालं म्हणून विचारता? झकास झालं. पंचक्रोशी लोटली होती. पहिली तोफ म्हणून ठेवलेला सुतळी बॉम्ब फुटलाच नाही, तेव्हा अंबादासने तोंडानेच 'धडाम्' केलं आणि त्यालाच वन्समोअर मिळाला. उत्तरेचं सैन्य एकदा दक्षिणेच्या बाजूने घुसलं आणि आपल्याच माणसांना कैद करून घेऊन गेलं. एका म्हातारीने मधेच उठून दोघा भावांना हात जोडले, की पोरांनो, आईकडे बघून तरी मिटवा. अंबादासने तलवार हवाली केली, पाठ न टेकता, आणि त्याच्या सासऱ्याने समाधानाने मान हलवली.

मग शेवटचा प्रवेश. मंजाबा हात जोडून गुडघ्यांवर बसलेला. पहिल्याच रांगेत, बायकांच्या बाजूला, गया आणि तिची आई. मी ताट आणून ठेवलं, रुमाल काढला आणि कनातीआड गेलो. दादारावांनी टोपी सावरली, डाव्या हातात पान, उजव्या हातात मूठभर पिवळं घेतलं. काही म्हणा, आवाज त्या माणसाला देवाने दिला होता. गुडघ्यांवर बसलेल्याच्या तोंडाकडे बघत, पार देवळाच्या कळसापर्यंत जाईल अशा आवाजात ते बोलले:

"बेलभंडारा उचलून सांगतो. माझ्या दारात आजपासून कोणी कोणाचा बांधील नाही. हा सुटला. याची लेकरं सुटली. याचा वंश सुटला."

आणि मूठ उधळली. पेट्रोमॅक्सच्या उजेडात सगळं पिवळं पिवळं झालं. सवयीने लोक ओरडले, येळकोट येळकोट जय मल्हार.

रीतीप्रमाणे मंजाबाने अंगावर पडलेलं कपाळाला लावलं, चिमूटभर जिभेवर ठेवलं, आणि तो तसाच थांबला. आता त्याचं वाक्य होतं, 'धनी, तुमचे उपकार फिटायचे नाहीत.' ते येईना. मी कनातीआडून वाक्य सांगायला लागलो. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तो उठून उभा राहिला आणि कनातीकडे वळून म्हणाला, "मास्तर, ह्यो भंडारा खरा हाय."

"बेसन आहे ते," दादाराव दातांतल्या दातांत म्हणाले. "खाली बस."

लिंबाजी गुरव तोवर ओट्यावर चढला होता. त्याने ताटातलं बोटभर जिभेला लावलं. दादारावांच्या हातातलं पान घेऊन दिव्यापुढे धरलं. तीन दलांचं, हिरवंगार बेलाचं पान. मग तो खाली गाभाऱ्याकडे तोंड करून म्हणाला, "हळद हाय. बेल हाय. लागला."

दादारावांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला माझी बदली डोळ्यांसमोर दिसायला लागली. मग त्यांनी समोर बघितलं. पंचक्रोशीची माणसं, सोयरेधायरे, व्याही, शेजारचे देशमुख, सगळे आ वासून त्यांच्याकडे बघत होते. मागे सरावं तर देवापुढे उचललेलं वचन खाल्लं असं झालं असतं. टोपी घसरून भुवयांवर आली होती, ती त्यांनी वर सारली.

"मग काय रे," दादाराव गरजले, "दादाराव देशमुख खंडोबाच्या दारात खोटा भंडारा उचलील असं वाटलं तुम्हाला?"

मग जे काही झालं त्याला गोंधळच म्हणायचं. लोकांनी दादारावांना टोपीसकट खांद्यावर घेतलं. हलगीवाले न सांगता वाजवायला लागले. मंजाबा ओट्यावर लहान मुलासारखा रडत होता, आणि रडता रडताच ते राहिलेलं वाक्य म्हणायला लागला, तशी खालून गया म्हणाली, "आता कशाला म्हनतुयास? खाली ये." मीही कनातीआड ढसाढसा रडलो. न रडता उरलेला एकटा न्हावीच. तो म्हणाला, किसनदेव असता तर हे पहिल्याच प्रवेशात सोडवलं असतं.

पाडव्याला मंजाबाचं लग्न झालं आणि तो गयाच्या मळ्यावर घरजावई म्हणून गेला. गया त्याला पहाटेपासून असा कामाला जुंपायची, की तो मला म्हणायचा, मास्तर, एका अध्यक्षानं भागणार न्हाई, दुसरा बघा. पण हे सांगताना तोंडभर हसायचा. दादाराव पुढे आयुष्यभर ती गोष्ट सांगत राहिले. आधी म्हणायचे भंडारा खराच घेतला होता, मग म्हणायला लागले मी स्वतः देवघरातून आणला होता, आणि शेवटी शेवटी तर नाटकही त्यांनीच लिहिलं होतं. माझी बदली काही झाली नाही. ताट कोणी बदललं यावर गावात बरीच वर्षं वाद होता. निम्म्या गावाचा संशय माझ्यावर, निम्म्या गावाचा गुरवावर, आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या मते हे काम थेट खंडोबाचंच.

मी सेवेतून मोकळा झालो त्या साली मंजाबाने मला मळ्यावर जेवायला बोलावलं. दादाराव जाऊन काही वर्षं झाली होती. बघतो तर आंब्याखाली घोंगडीवर माईसाहेब बसलेल्या, केस पांढरेशुभ्र, पाय लांब केलेले. आता त्या वाटेल तेव्हा बैलगाडी जोडायला सांगून मळ्यावर यायच्या, असं गया म्हणाली. चंपाषष्ठी नुकतीच होऊन गेली होती, पानात भरीत होतं. ते बघून मला राहवेना.

"माईसाहेब, आता तरी सांगा. त्या दिवशी ताटात बेसन का नव्हतं?"

"घरातच नव्हतं. संपलं होतं."

"अहो, पण चंपाषष्ठीला भरीत सोडून तुम्ही सगळ्या पंगतीला पिठलं वाढलंत."

"मग?" त्या म्हणाल्या. "संपणार नाही तर काय होईल?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, भरताला लावला, नीट चावून खाल्ला.

"मी तुम्हाला एक विचारलं होतं. त्या मालकांच्या बायका काय करत होत्या म्हणून. तुम्ही म्हणालात, पुस्तकात नाही."

"आठवतं," मी म्हटलं.

"पिठलं करत असतील," असं म्हणून माईसाहेबांनी गयाला हाक मारली आणि आणखी एक भाकरी मागितली.